पिवळ्यावर पिवळी ओळ

आमच्या चेन्नईच्या ऑफिसात परवा एका नव्या मुलीनं एका दुकानाचं अख्खं वेब पान लाल करून टाकलं. तिला करायचं होतं फक्त एक बटण लाल. चूक तिची, पण घाबरले मी. मी तशीच आहे. कुणाचंही काही बिघडलं की मला वाटतं, आता मला केबिनमध्ये बोलावतील आणि विचारतील, "तुमचं शिक्षण किती?" मी उठून तिच्या खुर्चीमागं गेले आणि माझ्या तोंडून सरळ मराठीच निघालं, "अगं, सगळ्या गावाला काहून हाक मारून राहिली? ज्याचं काम हाय त्यालाच सांग की!"

त्या पोरीला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मलाच हसू आलं, आणि मग जरा वेळानं डोळ्यांत पाणी. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते सुलोचना मॅडमचं होतं.

वेब पानावर शेकडो गोष्टी असतात. मथळे, फोटो, ओळी, बटणं. कुणाचा रंग कोणता, कुणाचा आकार केवढा, हे सगळं एका वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवतात, त्याला म्हणतात स्टाईल शीट. आणि त्यात प्रत्येक हुकमाच्या आधी, हा हुकूम कुणासाठी, ते सांगावं लागतं. त्या 'कुणासाठी'ला सिलेक्टर म्हणतात. माझी आज जी काही रोजीरोटी आहे ती या एका गोष्टीवर आहे: गर्दीतून नेमकं एकालाच कसं गाठायचं. ही विद्या मला वसमतला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या वर मॅडमच्या क्लासच्या दोन खोल्यांत मिळाली.

मॅडम ठेंगण्या होत्या. रंगानं सावळ्या, बोटांची टोकं बारमाही पिवळी, कारण घरची हळद. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे वेळ बघताना समोरच्याला कळू नये. गॅलरीत उभं राहून त्यांनी खाली कुणाला हाक मारलेली मी पाहिली नाही. चहावाला तर समोरच होता, दोन बोटं दाखवली असती तरी भागलं असतं. पण मॅडम पूर्ण जिना उतरायच्या, रस्ता ओलांडायच्या, त्याच्या गाड्याजवळ जाऊन हळूच सांगायच्या आणि परत वर यायच्या. तो चहावाला म्हणायचा, "मॅडम, तुमचा चहा तुमच्याच पायानं महाग पडून राहिला."

वर्गातसुद्धा "पोरींनो, इकडं लक्ष द्या" असलं काही नाही. जिला सांगायचं तिच्या कोपराला हात लावायच्या आणि तिच्यापुरतं सांगायच्या. शेजारचीला वाटावं, माझं बरोबर असेल बहुतेक. मी आठवीत शाळा सोडलेली. आमचा तांडा कुरुंद्याच्या पुढं; आईबाबा ऊसतोडीला गेले की धाकटी भावंडं माझ्याकडं, मग शाळा कशी होणार? पुढं वसमतला मावशीकडं राहायला आले, तेव्हा मावशीनंच मला तिथं नेऊन बसवलं. मी शेवटच्या कॉम्प्युटरवर भिंतीला चिकटून बसायची आणि दर ओळीला फाईल सेव्ह करायची. मॅडमनी ते पाहिलं. कोपराला हात लागला.

"जमुना, भिऊन काम करती का?"

"व्हय मॅडम."

"असू दे. भिणारं माणूस दोनदा बघतं. या कामाला तेच लागतं."

आईला आमच्यात याडी म्हणतात. त्या दिवशी घरी जाताना ते वाक्य मी याडीला सांगावं म्हणून मनात घोळवत गेले, आणि याडी तर तिकडं लांब उसाच्या फडात.

गावात मात्र त्यांना कुणी सुलोचना म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, विकासची माय. आणि विकास तर चार वर्षांपासून घरात नव्हता.

ती हकीकत मला जिन्यात नंदाताईनं सांगितली. नंदाताई अंगणवाडीत मदतनीस होती, आमच्याच वर्गात शिकायला यायची, आणि तिला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मोंढ्याला कळायची. विकास म्हणजे विकू, मॅडमचा एकुलता एक. तो बोट ठेवून वाचायचा. दहावीत गेला तरी ओळीखालून बोट फिरवल्याशिवाय त्याला वाचता येत नव्हतं, आणि पेपर कधी पुरा होत नव्हता. निकाल लागला त्या दिवशी त्याचे वडील त्याला घेऊन सायबर कॅफेत गेले. वडील हट्टा गावच्या शाळेवर मास्तर. सगळे त्यांना सरच म्हणायचे. भरदार मिशी, आवाज असा की प्रार्थनेच्या मैदानाला माईक लागू नये. पडद्यावर निकाल आला आणि सरांनी तो सवयीनं मोठ्यानं वाचला. "गणितात गेला. इंग्रजीत गेला." कॅफे भरलेला होता. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विकू घरात नव्हता.

सर फार वाईट माणूस नव्हते हो. पंधरा दिवस ते नांदेड, परभणी, पूर्णा करत स्टेशनं पालथी घालत होते. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पेपरात फोटो दिला. चिरंजीव विकास, असशील तेथून निघून ये, आई अंथरुणाला खिळली आहे, कोणी रागावणार नाही. आठ दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर विकूचा आवाज आला. एवढंच म्हणाला, "आईला सांगा, मला असं पेपरात बोलावू नका. इथले पोरं हसून राहिले." फोन ठेवला. त्यानंतर काही नाही.

मॅडमच्या तोंडून हे मी एकदाच ऐकलं, तेही शिकवण्याच्या ओघात. शीटमध्ये चांदणीचं चिन्ह लिहिलं की हुकूम पानावरच्या सगळ्यांना लागू होतो. ते शिकवताना त्या म्हणाल्या, "आमी घरात एकदा चांदणी लावली होती. सगळं गाव रंगलं. ज्याच्यासाठी लावली तो लाजून आणखी लांब गेला." आणि फडक्यानं फळा पुसायला लागल्या. पुसलेला फळाच पुन्हा पुसत होत्या.

मॅडम बारावी सायन्स झालेल्या. विकू गेल्यावर वर्षभर रोज नांदेडला जाऊन येऊन त्या कॉम्प्युटर शिकल्या. बायका टोमणे मारायच्या, लेकरू गेलं आन् ही मशीन घेऊन बसली. मॅडमचा हिशेब वेगळा होता. त्या म्हणायच्या, "घर सोडलेलं माणूस कधी ना कधी गावाचं नाव टाकून बघतंच." मला हे खरं वाटायचं नाही. आता मी चेन्नईत राहते आणि दर रविवारी कुरुंद्याचं नाव टाकून बघते. काही नवं नसतं. तरी बघते.

त्या दिवसांत लाईट कधी जाईल नेम नसायचा. लाईट गेली की दुसरे क्लासवाले पोरींना घरी सोडायचे. मॅडम आम्हाला दाराबाहेर न्यायच्या. तिथं आमच्या चपला. मॅडम जिन्यावर बसायच्या आणि हुकूम सोडायच्या.

"सगळ्या चपला."

आम्ही सगळ्या चपला उचलायच्या.

"निळ्या पट्ट्याच्या."

दोन-तीन जणी उचलायच्या.

"दुसऱ्या पायरीवरच्या, निळ्या पट्ट्याच्या."

आता एकच जोड उरायचा. "बघा," मॅडम म्हणायच्या, "आधी घर सांगा, मग माणूस. पायरी सांगितली की गर्दी आपोआप कमी होती."

"आन् तुटक्या अंगठ्याची म्हणलं तर?" नंदाताईनं विचारलं.

"किती हायत तुटक्या अंगठ्याच्या?"

नंदाताईनं मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. "मॅडम, सगळ्याच हायत हो!"

आम्ही एवढ्या हसलो की खालचे खतवाले काका बघायला आले. ते म्हणाले, "लाईट गेल्यावर बी तुमचा क्लास चालतो का?" तर नंदाताई म्हणते, "काका, आता आमी चपलांवर चालवून राहिलो."

एक दिवस सगळ्या वर्गानं एकच चूक केली. फोटोला नाही, तर फोटो ज्या डब्यात बसवलाय त्या डब्याला किनार द्यायची होती. रीत अशी की आधी बाहेरचं नाव लिहायचं, मग थोडी जागा सोडून आतलं. म्हणजे आतल्याला हुकूम लागतो. बायकांनी काय केलं, आधी लिहिलं फोटो आणि मग लिहिलं डबा. किनार कुठंच आली नाही. एकीच्या पडद्यावर नाही, दुसरीच्या नाही, माझ्याही नाही. मॅडम एकेकीच्या मागं जाऊन बघून आल्या. सगळीकडं तेच. त्या बुचकळ्यात पडल्या.

"नंदाताई, हे काय लिहिलं?"

"फोटोचा डबा."

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "नंदाताई, घरी मालकाला हाक कशी मारता?"

"हाक? नाव घेऊ का आता तुमच्यापुढं?" नंदाताई लाजली. "गण्याचे बाबा म्हणते."

"तुमी?" मॅडमनी पलीकडच्या शबानाला विचारलं.

"रेहान के अब्बा."

"व्हय ना! म्हणून तर. तुमी सगळ्या लेकराचं नाव घेऊन बापापर्यंत जाता. इथंही तसंच गेलात. हे मशीन फोटोच्या पोटात डबा शोधून राहिलं, आन् फोटोच्या पोटात कुठला डबा?"

"मग बापाला हाक मारायचीच न्हाई का?" नंदाताई म्हणाली. "हे कसलं शास्त्र?"

"या शास्त्रात लेकरापासून मायबापाकडं वर जायला वाटच ठेवली न्हाई," मॅडम म्हणाल्या. "वरूनच खाली यावं लागतं. मायबापानंच लेकरापर्यंत."

कुणी कुणाकडं बघितलं नाही. मीही कीबोर्डकडं बघत राहिले. मग मॅडमच म्हणाल्या, "डब्यालाच एक नाव ठेवा, आन् त्या नावानं बोलवा. चला." आणि नंदाताईच्या कोपराला हात लावला.

घरी जाताना मी त्यांना विचारलं होतं, किनार आली नाही तर मशीननं तसं सांगायला नको का? चुकलं म्हणून ओरडायला नको का? मॅडम म्हणाल्या, "न्हाई. हुकूम लिहून ठेवला आन् तसं कुणी सापडलं न्हाई, तर शीट गप बसतं. रागावत न्हाई, विचारत न्हाई. पण उद्या तसं कुणी पानावर आलं की आपोआप रंगतं. हुकूम जागाच असतो." मी त्या शीटसारखी शांत कधी झाले नाही. मॅडम मात्र होत्या.

आता त्या ओळीबद्दल.

वर्गाचा सराव म्हणून मॅडमनी एक पान बनवलं होतं, इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेवर. 'आमचं वसमत'. पिवळी धमक पार्श्वभूमी. हळदीच्या ढिगाचा फोटो, शिजवायच्या कढईचा फोटो, परभणी-नांदेडच्या बसच्या वेळा, आजूबाजूच्या गावांची नावं. गावांची नावं इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येतील तितक्या तऱ्हांनी, कारण कोण कसं टाकून शोधेल काय सांगावं. आम्हाला वाटायचं, मॅडमना गावाचं भारी कौतुक.

आणि हळदीच्या ढिगाखाली, त्याच पिवळ्या रंगात, एक ओळ. पिवळ्यावर पिवळी. कुणाला दिसू नये अशी. माऊस वरून फिरला तरच ती गडद लाल व्हायची, आणि माऊस हलला की पुन्हा गायब. पानात एकालाच देता येतं असं जे नाव असतं, ते त्या ओळीला दिलेलं होतं: विकू.

"पण त्याला कसं कळंल, इथं माऊस न्यायचा?" मी विचारलं होतं.

"तो बोट ठेवून वाचतो," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर बोटाऐवजी माऊस फिरवणार. सगळ्या ओळींखालून फिरवणार. दुसरं कुणी एवढं सावकाश वाचतं का?"

हे मला माहीत झालं ते सायबर कॅफेमुळं. आमच्या वर्गातल्या मशीनवर ती ओळ लाल व्हायची. पण बाहेरगावच्या कॅफेत कसली मशीनं असतील? जिथं मुलगा बसेल तसल्याच ठिकाणी तपासायला हवं होतं, आणि वसमतला तसली जागा एकच. मॅडम तिथं चार वर्षांत गेल्या नव्हत्या. एका दुपारी कोपराला हात लागला. "जमुना, माझ्यासंगं येती का जरा?"

कॅफेच्या दारात त्या थांबल्या. आत पोरं गेम खेळत होती. मालक म्हणाला, "या ना, विकासची माय." मॅडमनी पदर सारखा केला आणि कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसल्या. पान उघडलं. माऊस ओळीवर नेला. पिवळं ते पिवळंच. पुन्हा नेला. काही नाही. मॅडमचा हात माऊसवर तसाच राहिला. मला वाटलं, आता रडतील. मी भीत भीत म्हणाले, "मॅडम, वर्गातलं ब्राऊझर दुसरं हाय, इथलं जुनं हाय. आपल्या पानावरच्या बसच्या लिंका मात्र इथं बी रंग बदलून राहिल्या." मॅडमनी माऊस वर नेला, खाली नेला. खरंच, जुन्या ब्राऊझरला साध्या ओळीवरून माऊस गेलेला कळत नव्हता. लिंक असेल तरच कळत होता.

"मग ओळीलाच लिंक करू," त्या म्हणाल्या. "बरं झालं की. दाबलं तर जायला जागा बी मिळंल." आणि मग इकडंतिकडं बघून एकदम हळू आवाजात, "चांगलं पाहिलंस गं पोरी."

लिंक दाबली की एक कोरं पान उघडायचं. त्यावर फक्त वर्गाचा फोन नंबर. म्हणून तर मॅडमचा तो नियम होता, दुपारनंतर नेट लावायचं नाही. त्या वेळी नेट फोनच्याच तारेवरून यायचं. नेट चालू असलं की फोन लागत नसे. बायका कुरकुरायच्या, "मॅडम, लावा की जरा, लेकीचा मेल बघायचाय." मॅडम म्हणायच्या, "सकाळी या." कारण कधी सांगितलं नाही. आता कारण मला माहीत होतं, आणि दुपारभर विकूचा फोन येत नाही हेही माझ्याच कानांना ऐकू यायला लागलं.

ओळीत काय लिहायचं? मी म्हणाले, परत ये म्हणून लिहा. मॅडमनी मान हलवली. "पेपरानं तेच सांगितलं. त्याला बोलवायचं न्हाई. घरात काय चाललंय तेवढं सांगायचं." आणि दर बाजाराच्या दिवशी त्या एक खबर बदलून टाकायच्या. 'तांबडीला पिल्लं झाली.' 'माडीवरचा पंखा दुरुस्त केला, आता आवाज करत नाही.' 'यंदा हळद उशिरा शिजली.' 'आंब्याला मोहोर आला आहे, मागच्यापेक्षा कमी.' एवढंच. त्यात हाक नाही, रडणं नाही.

हे फोडलं नंदाताईनंच. पानाची उलटी बाजू, म्हणजे आतला मजकूर वाचायला मॅडमनीच शिकवलं होतं. ती वाचत होती आणि एकदम म्हणाली, "मॅडम, हळदीच्या पानावर तांबडी कोण हो?"

"आमची कुत्री."

"हळदीच्या पानावर कुत्रीचं बाळंतपण?" सगळ्या हसल्या. नंदाताईनं पुढची ओळ वाचली. तिथं ते नाव होतं. तिचं हसू थांबलं. तिनं ते पान बंद केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "माझंच काही तरी चुकलं वाटतं. चला, चहा सांगा कुणी."

मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत मोंढ्याला कळणार. मी रात्रभर जागी. पण दुसऱ्या दिवशी मोंढ्यावर काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. नंदाताई उलट सगळ्यांच्या आधी वर्गात आली, मॅडमच्या टेबलाशी वाकली आणि म्हणाली, "त्याला लिहा, नाक्यावरच्या भेळवाल्यानं पोराचं लग्न केलं. तो लई जायचा ना तिथं." मॅडमनी वर पाहिलं. ती खबर टाकली. मग शबानाही एक घेऊन आली, त्याच्या शाळेमागचं चिंचेचं झाड पडल्याची. बायका वर्गात येताना हळकुंडाच्या पुडीसारखी एकेक खबर पदरात बांधून आणायला लागल्या. आणि नंदाताईच्या तोंडून त्यातलं एक अक्षर कधी वर्गाबाहेर गेलं नाही. मी तिला विचारलं तर म्हणते, "काय गं, माझ्या तोंडाला कुलूपच न्हाई का? लावत न्हाई, ती गोष्ट वेगळी."

मिशीचीही कल्पना तिचीच. एका बाजाराच्या दिवशी काही खबरच नव्हती. नंदाताई म्हणाली, "लिहा, पप्पांनी मिशी काढली. बघा कसा पळत येतो का न्हाई!"

"खोटं काहून लिहू?" मॅडम हसत म्हणाल्या. "त्या मिशीला तर ते रोज तूप लावून राहिलेत."

हसण्यावारी गेलं. पण पुढच्या आठवड्यात मी पान उघडलं, माऊस नेला, आणि लाल अक्षरांत होतं: 'पप्पांनी मिशी काढली.' मी मॅडमकडं पाहिलं. त्या घड्याळाशी चाळा करत होत्या. "एवढ्या दिवसांत एकच थट्टा केली," म्हणाल्या. "होईल का गं जास्त?"

फोन वाजला तेव्हा दुपारचीच वेळ होती. असे फोन वाजायचेच; फी विचारणारे, चुकीचे नंबर. मॅडमनी उचलला. "हॅलो," म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. हात टेबलाच्या कडेवर घट्ट. आम्ही माऊस सोडून दिले. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता. मॅडमनी पहिलं उत्तर दिलं ते असं:

"व्हय. काढली."

थोडं थांबून, "अख्खी. तुझी शप्पत."

मग त्यांना खुर्ची लागली. नंदाताईनं ती मागून सरकवली. विकू इचलकरंजीत यंत्रमागावर काम करत होता. गावाचं नाव टाकून तो दोन-तीन महिने ते पान बघत होता. तांबडीची पिल्लं त्याला माहीत होती, पंखा माहीत होता. पण विचारायचं धाडस त्याला मिशीनंच दिलं. चार वर्षांनी आईशी त्याचं पहिलं वाक्य होतं, "पप्पांनी खरंच मिशी काढून टाकली?"

फोन ठेवल्यावर मॅडम रडल्या नाहीत. त्या घाबरल्या. "मी त्याची शप्पत घेतली गं खोटी! नंदाताई, आता काय करू?" चार वर्षं त्यांनी एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता, आणि आता हे. त्या तशाच जिना उतरल्या आणि हट्ट्याची बस धरली.

पुढचं मॅडमनी सांगितलं, एकदा, दोन वाक्यांत. सर शाळेच्या वऱ्हांड्यात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आवाज न करता वर्गात परत गेले, पोरांना गणित घालून दिलं, आणि सुट्टी झाल्यावर गावातल्या न्हाव्याकडं जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वसमतनं सरांचं तोंड पाहिलं. ओठाच्या वर पांढरी पट्टी, बाकी चेहरा उन्हानं काळा. चहावाल्यानं विचारलं, "सर, काय झालं हो?" सर म्हणाले, "गरम होऊन राहिलं होतं." एवढ्या हळू आवाजात सर बोललेले कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. तिथून पुढं चेन्नई. मॅडमनीच माझं काम त्यांना पाठवलं होतं. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून मी रडत बसले, तर म्हणाल्या, "आठवी लिही. खरं लिही. पुढं तुझी पानं जोडलीत, ते बघतील." त्यांनी बघितली. आता माझ्या केबिनच्या भीतीचं औषध एवढंच असतं, मॅडमच्या त्या बोलण्याची उजळणी करणं.

विकूला भेटायला गेलेल्या मॅडम इचलकरंजीहून एकट्याच परत आल्या, हे मला पुण्यात फोनवर कळलं. विकू लगेच नाही आला. त्याला लाज होती, मागाच्या मालकाला शब्द दिलेला होता. तो दिवाळीला आला, मग परत गेला, मग आला आणि राहिला. गेल्या पावसाळ्यात मॅडम गेल्या, तो फोन मला विकूनंच केला. मला जाता आलं नाही. तो फोनवर फार सावकाश बोलत होता, एकेका शब्दाखालून बोट फिरवल्यासारखा, आणि माझ्याबद्दल आईनं सांगितलेलं सगळं त्याला माहीत होतं.

पण मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते वसमतच्या स्टँडवर, त्या इचलकरंजीला निघाल्या तेव्हा. परभणीची बस लागली होती. मी पिशवी वर चढवून दिली. मॅडम खिडकीशी बसल्या. सर खाली उभे, रुमाल तोंडाशी धरलेला. मी म्हणाले, "सर, तुमी बी जा की." ते म्हणाले, "न्हाई. आधी ती जाऊ दे. माझा आवाज ऐकून पुन्हा पळायचा."

कंडक्टर आला. "किती, बाई?"

"परभणी. जायचं एक," मॅडम म्हणाल्या. "येतानाचं तिकडून काढीन."

घंटी वाजली. सर एकदम पुढं झाले आणि खिडकीचा गज धरला. "त्याला सांग..." एवढंच म्हणाले. बस हलली. सर बसच्या बरोबरीनं चालायला लागले. मॅडम खिडकीतून वाकल्या. "काय सांगू हो? बोला ना!"

सर चालतच राहिले. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि आपल्या ओठावरच्या त्या पांढऱ्या पट्टीवरून बोट फिरवून दाखवलं, इकडून तिकडं, नीट दिसेल असं.

मॅडम हसल्या. दोन्ही हात तोंडावर धरून, खांदे हलवत, शाळकरी पोरीसारख्या हसल्या, आणि बस स्टँडाबाहेर वळेपर्यंत मागं वळून हसतच राहिल्या.